तोळाभर जीव आणि फुलातली काणी

त्या सोमवारी दुपारी साडेबाराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मी एका वकिलांकडे टायपिंगचं काम करते. कामाच्या वेळेत तिथे घरचा फोन घ्यायची कुणाची छाती होत नाही. पण पलीकडून माझ्या सासूबाई इतक्या मोठ्यानं बोलत होत्या, की वकीलसाहेबांनीही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अगं, सापडलं! काणी आहे, काणी!"

"कोण राणी, आई?"

"राणी नव्हे गं, काणी! कणसात दाण्यांऐवजी काळी भुकटी भरते ना, ती! फुलात शिरलीय मेली! म्हणून पोरं जगत नव्हती! डॉक्टरबाईंना दाखवलं, त्या तर खुर्चीवरून उडाल्याच! बरं, ठेवते. तू लवकर ये, तुझं काम आहे."

फोन बंद. मी साहेबांकडे बघून कसनुसं हसले. "घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. "ठीकच आहे," मी म्हटलं, "फुलात काणी शिरलीय." यावर त्यांनी पुन्हा फायलीत डोकं घातलं.

आता हे सगळं नीट सांगायचं तर आधी सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या प्राणिसंग्रहालयात नोकरीला आहेत, पण वाघ-सिंहांकडे नाही. तिथल्या काचघरात त्या माळीकाम करतात. प्राण्यांना लागणारा पाला, फुलं, वेली वाढवायच्या, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं झाली. शाळा सातवीपर्यंत. त्यांनी वाळकी काडी मातीत खोचली तरी तिला पालवी फुटते, असं तिथले लोक म्हणतात. आमच्या सासऱ्यांचं म्हणणं वेगळं: "काडी करणार काय बिचारी? नाही फुटली तर बोलणी खावी लागतील!"

वर्षभरापूर्वी या प्राणिसंग्रहालयात सहा नवे प्राणी आले. पोटाला पिशवी असलेल्या जातीचे. पिशवीवाला प्राणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तो माणसाएवढा, उड्या मारत जाणारा येतो. हे मात्र अंगठ्याएवढे. वजन जेमतेम तोळाभर. लांबुडकं तोंड, ब्रशासारखी जीभ आणि फांदीला वेटोळं घालणारी शेपटी. हे फुलांमधला मध आणि पराग चाटून जगतात. त्यातही हे निशाचर. म्हणून त्यांच्या दालनात दिवसरात्र उलटी केलेली. बाहेर ऊन तळपत असताना आत अंधार, फक्त एक मंद लाल दिवा, म्हणजे लोकांना ते जागे असताना दिसावेत.

त्यांना खायला साखरेचं पाणी असायचंच, पण खरी भिस्त सासूबाईंच्या कुंड्यांवर. त्यांनी एक पांढऱ्या पाच पाकळ्यांचं फूल निवडलं होतं. ते दिवसा मिटून बसतं आणि अंधार झाला की उमलतं. रोज सकाळी वीस कुंड्या त्या अंधाऱ्या दालनात जायच्या, संध्याकाळी काचघरात परत यायच्या. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. पराग फक्त नराच्या केसरांत. त्यामुळे अर्ध्या कुंड्या प्राण्यांच्या दृष्टीनं फुकटच. तिथला राखणदार कुंड्या नेण्या-आणण्याचं काम करी. सहा-सात महिन्यांपूर्वी तो सासूबाईंना म्हणाला होता, "मावशी, कमाल केलीत! आता मादीच्या फुलांनाही केसर यायला लागलेत!"

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आम्हाला हे तीनदा सांगितलं. "मादीला केसर! पुस्तकात नाही ते माझ्या कुंडीत आहे." मग त्यांनी नेमक्या त्याच झाडांची कलमं केली. बघता बघता दोनशे कुंड्या झाल्या. झाडं तरी कशी, टवटवीत, कळ्यांनी लगडलेली!

आणि इकडे प्राणी वाळत चालले होते.

चार माद्या होत्या. प्रत्येकीच्या पिशवीत पिल्लं होती, जन्मतः तांदळाच्या कणीपेक्षा लहान असतात ती. पिशवीतच स्तनाला धरून वाढतात. दोन महिन्यांत तिघींच्या पिशव्या रिकाम्या झाल्या. उरली एकटी चिमटी. हे नाव सासूबाईंनीच ठेवलेलं, कारण ती चिमटीत मावायची. तिच्या पिशवीत दोन पिल्लं अजून तग धरून होती, पण चिमटीचं स्वतःचं वजन रोज थोडं थोडं उतरत होतं.

डॉक्टरबाईंनी, म्हणजे तिथल्या पशुवैद्यांनी, करायचं ते सगळं केलं. पाणी तपासलं, रक्त तपासलं, हवेतला ओलावा मोजला, साखरेचं प्रमाण बदलून पाहिलं. रोग कुठेच नाही. शेवटी ठरलं, की ही जागा या प्राण्यांना मानवत नाही; शुक्रवारी गाडी येईल आणि सहाही जणांना दुसऱ्या, मोठ्या प्राणिसंग्रहालयात घेऊन जाईल. हे ऐकल्यापासून सासूबाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. "तेवढा प्रवास सोसायचा नाही चिमटीला," एवढंच म्हणायच्या, आणि ताट सरकवायच्या.

सोमवारी राखणदार तापानं आजारी पडला. कुंड्या न्यायला माणूस नाही, म्हणून सासूबाई स्वतःच गाडा ढकलत अंधाऱ्या दालनात गेल्या. आणि एकदा आत गेल्यावर चिमटीला बघितल्याशिवाय त्यांचा पाय निघेना. लाल दिव्याखाली त्या स्टूल घेऊन बसल्या. अर्ध्या-पाऊण तासात कळ्या उमलायला लागल्या. काचघरात ही फुलं नेहमी मिटलेलीच असत आणि पाचच्या ठोक्याला सासूबाई घरी निघत. त्यामुळे आपली फुलं उमललेली बघायची वेळ त्यांच्यावर कित्येक महिन्यांनी आली होती.

चिमटी पिंजऱ्यातल्या फांदीवरून सुळकन खाली आली. एका फुलात तोंड घातलं, दुसऱ्यात घातलं. मग मान वर करून तिनं मिशा झटकल्या, आणि सासूबाईंना दिसलं, की तिचं तोंड काळं झालंय.

"लाल उजेडात पिवळा पराग पांढरट दिसतो," त्या मला नंतर सांगत होत्या, "हे मला ठाऊक आहे. पण काळं? काळं कशानं दिसेल?"

त्यांनी एक फूल खुडलं, ओंजळीत धरलं आणि बाहेरच्या बोळात ट्यूबलाइटखाली आल्या. पाकळ्यांवर काजळ सांडल्यासारखे डाग. केसराला बोट लावलं, तर बोट जांभळट काळं. ती भुकटी बोटांत चोळली, तर पिठासारखी मऊ. आणि एकदम पन्नास वर्षांपूर्वीचं त्यांना आठवलं. वडिलांचं शेत, कणीस सोललं की दाण्यांच्या जागी ही अशीच भुकटी. मुली त्या भुकटीनं एकमेकींना मिशा काढायच्या आणि वडील बांधावर गप्प बसून राहायचे.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. जिना चढताना त्या प्रत्येक पायरीला काहीतरी बोलतात. त्या दिवशी मात्र बोळ, आवार, माकडांच्या पिंजऱ्यापुढची शाळेची रांग, सगळं ओलांडत त्या दवाखान्यापर्यंत पळत गेल्या. फूल ओंजळीत तसंच.

"डॉक्टर, काणी!"

डॉक्टरबाई कागद भरत होत्या. प्रवासाचेच कागद. "मावशी, बसा आधी. पाणी प्या. काणी कणसात पडते, फुलात नाही."

"मग हे काय आहे?"

"माती असेल. झाडं तर किती छान वाढलीयत तुमची."

"तेच तर! झाड मरत नाही, वाळत नाही, उलट फुलतं. म्हणून फसलो आपण. तुम्ही भिंगाखाली घाला. माती निघाली तर मी उद्यापासून घरी बसते."

डॉक्टरबाईंनी हसत काचपट्टी घेतली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हसू तसंच राहिलं आणि हळूहळू मावळलं. त्यांनी दालनातून दुसरं फूल मागवलं. मग तिसरं. मग त्या खरोखरच खुर्चीवरून उठल्या. "मावशी! यात परागाचा एक कण नाही! एकसुद्धा नाही! सगळे बुरशीचे कण आहेत! बघा, तुम्हीच बघा!"

सासूबाईंनी पाहिलं. मोहरीसारखे गोल गोल, काळपट दाणे. हजारो.

मग दोघींना एकदमच उलगडा झाला. साखरेच्या पाण्यावर जीव तगतो, पण आईला दूध येण्यासाठी परागच लागतो. आणि महिनोन् महिने या प्राण्यांच्या पोटात पराग गेलाच नव्हता. फूल समोर होतं, केसर समोर होते, पण आत सगळी काणी.

मी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा सासूबाईंचा उत्साह दारातूनच ऐकू येत होता. मोठ्या साहेबांनी, म्हणजे संचालकांनी, उद्या अकराला बैठक बोलावली होती. गाडी ठरलेली, पलीकडच्यांना कळवून झालेलं. तेव्हा निर्णय बदलायचा तर कागद हवा होता. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "शोध तुमचा आहे, मावशी. बोलायचं तुम्हीच. मी तपासणीचं बोलेन."

"तू टाइप कर," सासूबाई मला म्हणाल्या. "दोन रकाने पाड. एकीकडे चिमटी, दुसरीकडे काणी. दोघी शेजारी शेजारी मांडल्या ना, की साहेबांना पटकन समजेल."

सासरे टेबलापाशीच शेंगा सोलत होते. जन्मभर त्यांनी शहरात बस चालवली, त्यामुळे समोर कितीही गोंधळ असला तरी ते विचलित होत नाहीत. "लग्नात वधूवरांची माहिती देतात तसं आहे हे," ते म्हणाले. "उंची, रंग, नोकरी."

"अहो, थट्टा नको. लिही गं. चिमटी: वजन तोळाभर. काणी: वजनच नाही, फुंकर मारली की उडते."

"दोघींचं घर?"

"फूल. चिमटी फुलात जेवायला येते. काणी फुलात राहायलाच येते." त्या थांबल्या. उठून खोलीत एक चक्कर मारली. "पोरं लपवायची रीत लिही. चिमटी आपल्या पोटाच्या पिशवीत ठेवते. काणीला स्वतःचं पोट कुठलं? ती फुलाच्या पिशवीत ठेवते. केसरांतल्या परागाच्या पिशव्या रिकाम्या करून त्यात आपली पिल्लावळ भरते. आणि मादीचं फूल असलं, त्यात पिशव्याच नसल्या, तर त्या फुलाला पिशव्या फुटवायला लावते."

बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. माझी बोटं थांबली. सासऱ्यांनी शेंग तशीच हातात धरली.

"मादीला केसर," त्या म्हणाल्या. "आणि मी वाटीत साखर घेऊन वाटायचीच बाकी ठेवली होती."

 मग त्यांनीच पुढचं सांगितलं, अगदी सावकाश. प्राणी या फुलावरून त्या फुलावर जायचे, त्यांच्या मिशांना लागून काणीही जायची. संध्याकाळी त्याच कुंड्या काचघरात परत. सकाळी नव्या कुंड्या. आणि ज्या झाडांना ती सगळ्यात जास्त लागली होती, नेमकी त्यांचीच कलमं सासूबाईंनी निवडून निवडून केली होती.

"हे लिहायचं का, आई?"

"लिहायचं तर! हेच तर खरं लिहायचंय."

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. लांब टेबल, सात-आठ माणसं, पाण्याचे ग्लास. डॉक्टरबाईंनी तपासणीची चित्रं दाखवली. मग मोठ्या साहेबांनी आमचा कागद उचलला, दोन्ही रकाने वाचले आणि म्हणाले, "बाई, हे वाचून तर दोघं सारखेच वाटतात. दोघंही लहान, दोघंही फुलावर जगणारे, दोघंही पोरं पिशवीत ठेवणारे. फरक काय मग?"

मला वाटलं, झालं, आपला कागदच फसला. सासूबाई उभ्या राहिल्या. कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"फरक जाताना कळतो, साहेब. चिमटी फुलात तोंड घालते, पोट भरते आणि निघताना थोडा पराग पुढच्या फुलाला नेऊन देते. मागे फूल फूलच राहतं. बी धरतं. काणी फुलात शिरली की बाहेरून पाकळ्या त्याच दिसतात, पण ते फूल कधी बी धरत नाही. ते फक्त काणीसाठी फुलतं. आणि काणीला पाय नाहीत, म्हणून ती चिमटीच्या मिशांवर बसून फिरते. उपाशीही तिलाच ठेवायचं आणि ओझंही तिच्याच अंगावर द्यायचं."

मोठ्या साहेबांनी कागद खाली ठेवला.

"आणि एक राहिलं. काणीच्या हमालीत मीही होते. रोगट झाडं मीच वाढवली. शाबासकीही घेतली. तेव्हा चूक जागेची नाही, हवेची नाही, प्राण्यांचीही नाही. माझी आहे. मला तीन दिवस द्या."

मोठ्या साहेबांनी पेन्सिल दोनदा टेबलावर आपटली. "गुरुवारी संध्याकाळी वजन करा. त्या मादीचं वजन मुंगीएवढं जरी वाढलं असेल, तर गाडी परत पाठवतो. नाहीतर नाही."

पुढचे तीन दिवस आमचं घर म्हणजे वेड्यांचा बाजार झाला होता!

सगळ्यात आधी दोनशे कुंड्यांतली झाडं उपटली. सासूबाईंनी एकही झाड दुसऱ्याला उपटू दिलं नाही. काचघरामागे खड्डा खणून जाळली, माती भट्टीत भाजायला पाठवली, हात कोपरापर्यंत घासले. डोळे लाल झाले होते. विचारलं तर म्हणाल्या, धूर. आता प्रश्न होता पराग आणायचा कुठून? चिमटीला रोज ताजी, निरोगी, पराग असलेली फुलं हवी होती, आणि सासूबाईंच्या काचघरात आता रिकामे बाक होते.

तेव्हा सासरे बोलले. "बावीस नंबरची बस," ते म्हणाले. "न्यायालयापासून चौथ्या थांब्याला एका घराच्या कुंपणावर लाल ब्रशासारखी फुलं येतात. पिवळी धूळ पडते खाली, फुटपाथ पिवळा होतो. पाण्याच्या टाकीपाशी एक आहे. सरकारी दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी दोन."

सासूबाई बघतच राहिल्या. "अहो, तुम्हाला झाडं कधीपासून दिसायला लागली?"

"छत्तीस वर्षं सिग्नलला उभा होतो, बाई. बघणार काय दुसरं?"

मग काय, आम्ही तिघं पिशव्या घेऊन निघालो! सासरे पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला सूचना देणार, "इथे वळताना सांभाळ रे," आणि थांबा आला की आम्हाला हाक मारणार. सासूबाई बेल वाजवून घराघरांत फुलं मागणार. एका बाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "कशाला हवीत?" सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीला." त्या बाईंनी आधी फांदीच तोडून दिली, बाळंतीण अंगठ्याएवढी आहे हे नंतर समजलं, तेव्हा चपला घालून आमच्याबरोबर पुढच्या तीन घरी आल्या. प्रत्येक फूल पांढऱ्या कागदावर झटकून बघायचं हा सासूबाईंचा नियम. पिवळं पडलं तर पिशवीत, जरासं काळं दिसलं तर तिथेच बाद. मंगळवारी संध्याकाळी आम्ही तीन पिशव्या भरून दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या.

बुधवारचं वजन उतरलेलंच निघालं. थोडंसंच, पण उतरलेलं.  सासूबाईंनी पिशव्या उचलल्या आणि पुन्हा बावीस नंबरच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

गुरुवारी चार वाजता वजनाला मीही हजर होते. चिमटी एका छोट्या कापडी पिशवीत, पिशवी काट्यावर. तिचं नाक बाहेर आलेलं, आणि ते पिवळंधमक! आकडे थरथरले, थांबले. डॉक्टरबाईंनी वहीतला कालचा आकडा पाहिला, पुन्हा काटा पाहिला, पिशवी काढून परत ठेवली.

"मावशी, अर्धा ग्रॅम."

"कमी?"

"जास्त! जास्त, मावशी!"

सासूबाईंनी डॉक्टरबाईंना मिठी मारली, मग मला, मग दारात उभ्या असलेल्या, तापातून नुकत्याच उठलेल्या राखणदाराला. तो बिचारा "मावशी, माझीच नजर चुकली" म्हणत होता, पण त्याचं ऐकतंय कोण! मोठ्या साहेबांनी स्वतः काटा पाहिला आणि तिथूनच गाडी रद्द करायला फोन लावला.

काचघर पुन्हा भरायला पाच महिने लागले; तोवर फुलं बावीस नंबरच्या बसनंच येत राहिली. आता तिथे बियांपासून वाढवलेलीच झाडं असतात, आत गेलेली कुंडी परत बाहेर येत नाही, आणि दर आठवड्याला एक कुंडी अंधारात उमलवून पांढऱ्या कागदावर झटकली जाते. नव्यानं कामाला लागणाऱ्या माळ्यांना डॉक्टरबाई आमचा दोन रकान्यांचा कागद वाचायला देतात. त्यात माझ्या टायपिंगच्या दोन चुका आहेत, पण त्या काढू द्यायला कुणी तयार नाही.

बैठकीनंतर बरोबर सत्तावीस दिवसांनी, पुन्हा कामाच्या ऐन वेळेत, माझ्या टेबलावरचा फोन वाजला. वकीलसाहेबांनी मानेनंच खूण केली, घ्या. पलीकडे सासूबाई या वेळी चक्क कुजबुजत होत्या, कारण त्या अंधाऱ्या दालनाच्या दाराशी उभ्या होत्या.

"बाहेर आली गं. दोन्ही. पाठीवर बसलीयत तिच्या. एक नुसतं घट्ट धरून आहे, आणि दुसरं आत्तापासूनच फुलात डोकं घालतंय. तिनं ओढलं मागे, तर ऐकत नाही. फार हट्टी निघालंय ते."